वठलेली फांदी तोडण्याआधी ढोलीत कोण आहे ते पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च उजाडला की शहरांत मान्सूनपूर्व छाटणीची तयारी सुरू होते. सोसायट्यांचे अर्ज महापालिकेकडे जातात आणि यादीत सर्वांत वर असते ती वठलेली फांदी. नेमक्या त्याच फांदीत, नेमक्या त्याच महिन्यांत सुतार पक्ष्यांची अंडी-पिल्ले असतात. आपल्याकडे गावात, बागेत, रस्त्याकडेला सर्रास दिसणाऱ्या सोनपाठी सुताराची वीण फेब्रुवारी ते जुलै चालते. छाटणीचा जोर एप्रिल-मेमध्ये असतो. काड्यांचे घरटे असते तर छाटणी करणाऱ्याच्या नजरेस पडले असते. ढोली खालून फक्त एक भोक म्हणून दिसते. फांदी खाली आपटते, ढोली फुटते आणि आत काय होते हे ट्रकमध्ये लाकडे भरताना कळते, बऱ्याचदा तेव्हाही कळत नाही.

ढोली वापरात आहे की रिकामी, हे झाडावर न चढता, जमिनीवरून, दुर्बिणीने ठरवता येते. आठवडाभरात मिळून चार-पाच तास द्यावे लागतात. ते कसे करायचे हे सोसायटीच्या समित्यांना, उद्यान विभागाच्या मुकादमांना आणि हौशी निरीक्षकांना कळावे म्हणून हे पत्र.

ढोल्या शोधायचा उत्तम काळ फेब्रुवारी-मार्च. सावर, पांगारा, सालई यांची पाने झडलेली असतात, खोड आणि फांद्या उघड्या दिसतात. शिवाय सावर-पांगाऱ्याच्या फुलांतला मध प्यायला सुतार येतातच, त्यामुळे जोडी कोणत्या बाजूला ये-जा करते हेही कळते. शोध वठलेल्या फांद्यांपुरता ठेवू नये. जिवंत आंब्याच्या, शिरीषाच्या किंवा गुलमोहराच्या एखाद्या जाड फांदीवर बुरशीची कडक, अर्धवर्तुळाकार टोपी उगवलेली दिसली तर त्या जागी आतला गाभा कुजला आहे असे समजावे. सुताराला नेमके हेच हवे असते: बाहेरचे कवच टणक आणि आतला गाभा मऊ. निरोगी, घट्ट लाकडात ढोली कोरणे आपल्याकडच्या बहुतेक जातींना परवडत नाही. पूर्ण भुसभुशीत झालेली फांदीही ते टाळतात, कारण ती वाऱ्यात मोडते. म्हणजे ज्या अवस्थेतली फांदी आपल्याला ‘धोकादायक’ वाटू लागते, त्याच अवस्थेत ती सुताराच्या कामाची होते. हा झगडा दरवर्षी होणारच आहे.

ढोलीचे तोंड बहुधा तिरप्या खोडाच्या किंवा फांदीच्या खालच्या अंगाला असते, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. त्यामुळे झाडाभोवती पूर्ण फेरी मारून, मान वर करून बघावे लागते. रस्त्यावरून एका बाजूने पाहून ‘काही नाही’ म्हणणे चुकीचे. सोनपाठी सुताराचे भोक साधारण सात-आठ सेंटिमीटर रुंद असते, मराठा सुतारासारख्या लहान जातीचे त्याहून बरेच लहान. भोक आडवे आत जाते आणि मग ढोली खाली उतरते. आत गवत-पिसे काही नसते. तळाशी उरलेल्या भुशावरच पांढरीशुभ्र, चकचकीत अंडी असतात, सोनपाठी सुताराची बहुधा तीन. अंधाऱ्या ढोलीत रंगीत ठिपक्यांची गरज नसते, म्हणून ढोलीत वीण करणाऱ्या बऱ्याच पक्ष्यांची अंडी अशी कोरी असतात.

नवी ढोली ओळखायला सोपी. तोंडाची कड फिकट, ताज्या लाकडाच्या रंगाची आणि धारदार असते. जुन्या ढोलीची कड करडी पडून गुळगुळीत होते, तोंडावर कोळ्याचे जाळे असते. झाडाखाली बघावे: ताज्या, फिकट ढलप्या एका ठिकाणी पडलेल्या असतील तर वर कोरकाम चालू आहे. अन्नासाठी चोच मारताना सालीचे तुकडे झाडाखाली विखरून पडतात. ढोलीचे काम सुरू असताना मात्र पक्षी आत शिरून चोचीत भुसा घेऊन तोंडाशी येतो आणि मान झटकून बाहेर फेकतो, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. हे दृश्य दुर्बिणीतून एकदा पाहिले की दोन्हींतला फरक लक्षात राहतो. लाकडाच्या टणकपणानुसार या कामाला दोन-तीन आठवडे लागतात.

इथेच नवखे निरीक्षक हमखास चुकतात. सुतार ढोली कोरतो आहे म्हणजे वीण सुरू आहे, असे नाही. सुतार रात्री झोपण्यासाठीही ढोल्या कोरतात आणि बहुतेक जातींत प्रत्येक प्रौढ पक्षी एकटा, वेगळ्या ढोलीत झोपतो. शिवाय एका हंगामात दोन-तीन भोके सुरू करून अर्ध्यावर सोडून देणे नेहमीचे. म्हणून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर प्रजननाची नोंद करताना सुताराच्या ढोली कोरण्याला वेगळा संकेत आहे आणि त्याची गणना ‘खात्रीच्या’ नव्हे, ‘संभाव्य’ विणीत होते. कोरकाम दिसले की तारीख लिहून ठेवावी आणि दहा-बारा दिवसांनी परत यावे.

आवाजावरूनही गफलत होते. उन्हाळ्यात दुपारभर ऐकू येणारा एकसुरी ‘टुक्-टुक्-टुक्’ हा सुताराच्या चोचीचा ठोका नाही; ती तांबट या पक्ष्याची साद आहे, कंठातून निघणारी. तांबटही स्वतः ढोली कोरतो, बहुधा वठलेल्या आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला, आणि त्याचे भोक लहान असते. सुताराचे आवाज तीन प्रकारचे धरावेत. पोकळ फांदीवर अतिशय जलद वाजवलेला, सेकंद-दोन सेकंदांत संपणारा ताशा. हा हद्द सांगण्यासाठी आणि जोडीदारासाठी. अन्न शोधतानाची अनियमित टकटक, मध्ये थांबून, जागा बदलत. आणि ढोली कोरतानाची एकाच जागेवरून बराच वेळ येणारी संथ ठकठक, जी काम आत सरकेल तशी घुमू लागते. आवाज घुमू लागला म्हणजे ढोली खोल झाली.

यानंतर नर-मादी ओळखता आलीच पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. सोनपाठी सुताराच्या नराचा पूर्ण माथा आणि तुरा लाल असतो. मादीचा कपाळाकडचा भाग काळा, त्यावर पांढरे ठिपके, आणि लाल रंग फक्त मागच्या तुऱ्याला. कंठ काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा आणि कंबर काळी, यावरून ही जात इतर सोनेरी पाठीच्या सुतारांपासून वेगळी करता येते. मराठा सुतार हा कोरड्या माळरानातल्या बाभळींवरचा, काळ्या-पांढऱ्या चट्ट्यापट्ट्यांचा, पोटावर लाल डाग असलेला छोटा पक्षी. त्याच्या नराच्या माथ्यामागे लाल पट्टा असतो, मादीचा माथा नुसता पिवळसर. सह्याद्रीतल्या झाडीत हृदयांकित सुतार दिसतो. त्याच्यात उलटे, मादीचे कपाळ पांढरट आणि नराचे काळे.

आता मुख्य प्रश्न: आत अंडी आहेत का? नर आणि मादी पाळीपाळीने उबवतात आणि बहुतेक सुतार जातींत रात्रीची पाळी नराची. त्यामुळे संध्याकाळी सूर्यास्ताच्या पाऊण तास आधीपासून अंधार पडेपर्यंत ढोलीवर नजर ठेवावी. नर आत गेला आणि बाहेर आला नाही, तर ढोली वापरात आहे हे नक्की. पण झोपायला की उबवायला, ते अजून कळलेले नाही. त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास मिळते. झोपायची ढोली दिवसा रिकामी असते. उबवण सुरू असेल तर दोघांपैकी एक जण आत असतोच. पाळी बदलायला दुसरा येतो, शेजारच्या खोडावर चिकटून एखादी हलकी साद देतो, आतला बाहेर झेपावतो आणि आलेला लगेच आत शिरतो. दिवसा एकदा नर बाहेर आणि मादी आत, मग मादी बाहेर आणि नर आत, अशी अदलाबदल दोनदा पाहिली की अंडी किंवा अगदी लहान पिल्ले आहेत असे धरून चालावे.

यात घाई फार नडते. उबवणीच्या काळात पक्षी कमालीचे गप्प होतात. एक पाळी अर्धा तास, तास किंवा त्याहूनही लांबते आणि तेवढ्यात ढोलीकडे कुणी फिरकतही नाही. वीस मिनिटे बघून ‘सोडून दिलेली ढोली’ असा शेरा मारला जातो आणि दुसऱ्या दिवशी करवत चालते. एका बैठकीत सलग दोन तास, आणि अशा किमान दोन बैठका वेगवेगळ्या दिवशी. यापेक्षा कमी पाहून ढोली रिकामी ठरवू नये.

सुतारांची उबवण इतर पक्ष्यांच्या मानाने लवकर संपते, साधारण ११ ते १४ दिवसांत. पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. सोनपाठी सुताराची पिल्ले त्यानंतर तीन आठवड्यांच्या आसपास ढोलीत राहतात. म्हणजे पहिल्या अंड्यापासून शेवटचे पिल्लू उडेपर्यंत सगळे मिळून पाच ते सहा आठवडे. एखाद्या फांदीसाठी मागायची सवलत एवढीच आहे.

पिल्ले भरवण्याचा काळ सर्वांत सोपा, तरी त्यातही एक फसगत आहे. सोनपाठी सुतार खाद्य गिळून आणतो आणि पिल्लांच्या तोंडात ओकून भरवतो. चोचीत किडा दिसत नाही म्हणून ‘भरवत नाहीत’ असे वाटते. मराठा सुतारासारख्या जाती चोचीत किडे धरून आणतात, ते दिसते. सोनपाठीबाबत फेऱ्या मोजाव्यात: येणे वाढते, आत थांबणे कमी होते, आणि बाहेर पडताना पक्ष्याच्या चोचीत पांढरी पिशवीसारखी गोळी असते. ती पिल्लांची विष्ठा. ती दिसली की पिल्ले आहेत याबद्दल शंका उरत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून ढोलीतून सतत किरकिर ऐकू येते. खोडापासून बऱ्याच अंतरावरही ती कळते. शेवटच्या दिवसांत पिल्ले तोंडाशी डोके काढून बसतात आणि पालक आत न शिरता बाहेरूनच भरवतात. या अवस्थेत पिल्लू घाबरले तर उडता येत नसताना उडी मारते, म्हणून शेवटचा आठवडा सर्वांत जपण्याचा.

खोडावर काठीने किंवा दगडाने ठोकून ‘कुणी बाहेर येते का’ बघण्याची पद्धत अनेक ठिकाणी, अगदी जाणत्या लोकांतही आहे. ती पूर्णपणे थांबली पाहिजे. उबवणारा पक्षी दचकून बाहेर पडताना अंडी फुटू शकतात, उघड्या पिल्लांची ऊब जाते, आणि ढोलीकडे साळुंकी व पोपट टपलेलेच असतात. आयती ढोली बळकावण्यात ते वाकबगार आहेत. पालक काही वेळ दूर राहिला तरी त्यांचे काम होते. मोबाइलवर साद वाजवून पक्षी बोलावणे, शिडी लावून आत कॅमेरा घालणे, छायाचित्रासाठी आडवी येणारी डहाळी तोडणे, हेही तितकेच वाईट. ती डहाळी शिकऱ्याच्या आणि कावळ्याच्या नजरेपासून आडोसा असते.

झाडापासून २५ मीटर तरी लांब बसावे. ढोलीच्या अगदी समोर न बसता थोडे बाजूला, पाठीमागे झुडूप किंवा भिंत येईल असे, आणि दर वेळी त्याच जागी. एका वेळी दोघांहून अधिक नकोत. ८×४२ ची दुर्बीण पुरते. सूर्योदयानंतरचे तीन तास आणि दुपारी चारनंतरचा वेळ चांगला. अंतर पुरेसे आहे का, हे पक्षीच सांगतो. आलेला पालक खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकून तिथूनच डोकावत राहिला, सारखा ओरडू लागला, किंवा दहा मिनिटे झाली तरी ढोलीत शिरला नाही, तर उठून आणखी मागे जावे. तेवढ्याने जमले नाही तर त्या दिवसाचे निरीक्षण बंद करावे.

नोंदवहीत वेळ, नर की मादी, आत की बाहेर, किती मिनिटे, चोचीत काय, एवढे रकाने पुरतात. झाडाची माहिती एकदाच लिहायची: जात, फांदी जिवंत की वठलेली, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर, जमिनीपासून ढोलीची अंदाजे उंची, तोंडाची दिशा. उंचीचा अंदाज घ्यायला खोडाशी एक माणूस उभा करून त्याच्या उंचीच्या किती पट ते बघावे. नुसत्या डोळ्यांनी केलेला अंदाज बहुधा चुकतो. झाडाची ही माहिती पिल्ले उडाल्यावर लिहिली तरी चालते. नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये.

जुलैनंतर छाटणी केली की झाले, असा सरसकट नियम मात्र करता येत नाही. हृदयांकित सुताराची वीण पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात होते, त्यामुळे घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या झाडीत नोव्हेंबरातही वठलेली फांदी बघूनच तोडावी. तांबूस सुतार तर लाकडात न कोरता झाडावरच्या काळ्या मुंग्यांच्या, कागदी लगद्यासारख्या दिसणाऱ्या गोल वारुळात भोक पाडून अंडी घालतो, तेही मुंग्या आत राहत असताना. बागेतले असे मुंग्यांचे घर औषध फवारून किंवा जाळून काढण्याआधी त्यात गोल भोक आहे का ते बघावे. ही वीण फेब्रुवारी ते जून असते. सिंधुदुर्ग-गोव्याच्या जंगलात राहणारा, आपल्या भागातला सर्वांत मोठा सुतार म्हणजे पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार. त्याला मोठमोठी वठलेली उभी झाडेच लागतात. काजूसाठी किंवा रबरासाठी डोंगर साफ करताना ती आधी जातात, आणि तशी झाडे पुन्हा तयार व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

आता फांदीचे काय करायचे ते. फांदी रस्त्यावर, घरावर किंवा वीजवाहिनीवर नसेल तर तिला हातच लावू नये. खाली माणसांची वर्दळ असेल तर वीण संपेपर्यंत सहा आठवडे खाली दोरी बांधून वाट अडवावी. त्यानंतरही फांदी मुळापासून काढण्याऐवजी तिचा भार उतरवावा: टोकाकडचा जड भाग आणि आडवे फाटे काढून ढोलीच्या वर किमान अर्धा मीटर लाकूड ठेवायचे. ढोलीच्या लगेच वर कापले तर छत पातळ होते, पाणी मुरते आणि पुढच्या हंगामापर्यंत ढोली कुजून जाते. भार कमी झालेला असा खुंट वाऱ्यात सहसा टिकतो. सुतार पुढच्या वर्षी बहुधा नवी ढोली कोरतो, पण जुन्या ढोलीत साळुंकी, दयाळ, पिंगळा, राखी वल्गुली (चिमणीएवढा पक्षी) यांची सोय होते, आणि यांपैकी एकालाही स्वतः लाकूड कोरता येत नाही.

फांदी खरोखरच फाटली असेल, आजच काढणे भाग असेल, तर ढोलीच्या वर-खाली एकेक मीटर सोडून कापावे, तुकडा दोरीने सावकाश उतरवावा, आपटू देऊ नये. ढोलीचा तळ तोंडाच्या बराच खाली असतो; तोंडालगत करवत चालवली तर ती पिल्लांतूनच जाते. मग वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. पिल्लांना घरी दूध-पाव भरवू नये.

नारळ-बागायतदारांची अडचण वेगळी आहे आणि ती खरी आहे. शेंडा मेलेल्या नारळाच्या कुजक्या खोडात गेंड्या भुंगा वाढतो आणि शेजारच्या निरोगी माडांना त्रास देतो, त्यामुळे अशी सगळी खोडे ठेवा असे आम्ही म्हणणार नाही. ढोली नसलेली खोडे खुशाल काढावीत. ढोली वापरात असलेले एखादे खोड पिल्ले उडेपर्यंत ठेवावे आणि मग पावसाआधी काढून टाकावे. सुतार माड पोखरतो म्हणून त्याला हाकलणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की तो जिथे चोच मारतो तिथे बहुतेक वेळा आधीच अळी किंवा कूज असते.

कायद्याचे बोलायचे तर शहरात झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगी लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या ‘शिकारी’च्या व्याख्येत तर वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करणे, अंड्यांना किंवा घरट्याला बाधा आणणे हेही येते. पण पाहणी करणाऱ्याच्या अर्जावर ‘ढोली आहे का? वापरात आहे का?’ असे दोन रकाने असतील तर कायद्यापर्यंत जावेच लागणार नाही. महापालिकांच्या उद्यान विभागांनी हे दोन रकाने येत्या हंगामापासून घालावेत, ही आमची मागणी आहे. ज्या शहरात पक्षीनिरीक्षकांचा गट आहे तिथे पाहणीला त्यांची मदत विनामूल्य मिळेल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. छाटणीच्या बातम्या आपण एप्रिलमध्ये छापता. त्या मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, ढोल्यांच्या सूचनेसह छापल्या तर सोसायट्यांना पाहणीला वेळ मिळेल. आणि वाचकांनी पाठवलेली ढोलीतल्या पिल्लांची जवळून काढलेली छायाचित्रे ठिकाणाच्या नावासह प्रसिद्ध करू नयेत.

आपले,
काही पक्षीनिरीक्षक, पुणे